वाऱ्याचं फडकं

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात अंबडच्या कारखान्यातले आम्ही काही जण दर रविवारी देवळालीपलीकडच्या टेकडीवर पॅराग्लायडिंग शिकायला जायचो. पायथ्याच्या वाडीतला एक माणूस आमच्या छत्र्या वर वाहून आणायचा आणि वारा दाखवणारं फडकं बांबूला बांधायचा. आम्ही सगळे आकाशाकडे बघायचो, हा मात्र आमच्या पायांकडे. याचा डोळा आमच्या बुटांवर आहे, अशी माझी खात्रीच होती. काहीही विचारलं की "बघू ना, बघू," एवढंच उत्तर.

तीन रविवार माझीच पाळी आली की फडकं मान टाकायचं. आम्हाला उडायला शिकवणारे सर फक्त फडक्यावर विश्वास ठेवायचे. "वारा पडला," म्हणून मला थांबवायचे. चौथ्या रविवारी मी फडक्याला हात लावला, तर ते चिंब ओलं. शेजारी हा उभा, हातात पाण्याचा डबा.

"मामा, ही काय भानगड आहे?"

"बघू ना, बघू. पाय लय कापत व्हते तुमचे, साहेब. सरांना नाय म्हणवत नव्हतं तुमच्याच्यानं."

मी त्याला सगळ्यांसमोर झापलं.

पुढच्या रविवारी माझ्या पाळीला फडकं कोरडं फडफडत होतं. मी आशेनं त्याच्या डब्याकडे बघितलं. त्यानं तो उपडा करून दाखवला.