नईमची कापसाची खोली

सकाळची डाक नुकतीच उतरली होती. मी मारेगावच्या पोस्टात टपालावर शिक्के मारत बसलो होतो आणि नईमच्या मेहुण्याचा, रफिकचा फोन आला. "बंडूभाऊ, भाईजान गेले." बस, एवढंच. मी "हो" म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि पुन्हा शिक्के मारायला लागलो. एकाच पाकिटावर पाच-सहा शिक्के मारले, हे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझा हात धरला तेव्हा कळलं. गावात त्याची ओळख म्हणजे गादी-रजईवाला नईम, पिंजाऱ्याचा पोरगा. मला ठाऊक असलेला नईम मात्र वेगळा. परदेशातले जे बँड कोणाला माहीत नाहीत, ज्यांना कोणती कंपनी विचारत नाही, जे आपल्याच घरात रॉक वाजवतात आणि आपणच टेप करतात, त्यांचा हा भक्त. नुसता ऐकणारा भक्त नाही हो! त्यांची गाणी तो आपल्या घरात, आपल्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून बांधायचा. मारेगावात! सव्वा महिना झाला त्याला जाऊन, आणि हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं याचाच मला अजून अचंबा वाटतो.

हे वेड आलं कुठून ते सांगतो. कापसाची ती वाईट वर्षं आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत रोज कुठल्या तरी गावाचं नाव पेपरात यायचं, आणि मग मोठमोठे कॅमेरे घेऊन दूरदूरचे पत्रकार जिल्ह्यात उतरायचे. त्यातला एक गोरा, केविन नावाचा, आमच्या गावात भाड्याची खोली घेऊन महिनाभर राहिला. त्याला झोपायला गादी पाहिजे होती, म्हणून तो नईमच्या दुकानात गेला. नईम गादी शिवत होता तोवर हा कानाला हेडफोन लावून बसला. नईमला राहवलं नाही, त्यानं खुणेनं विचारलं, काय ऐकून राह्यला? केविननं हेडफोन त्याच्या कानाला लावला. नईम मला नेहमी सांगायचा, "भाऊ, सुई बोटात घुसली अन् मले समजलंच नाही." कोणत्या पिक्चरचं गाणं, असं त्यानं विचारलं, तर केविन मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला पिक्चर नाही, कंपनी नाही, हे चार जण आपल्या स्वयंपाकघरात वाजवतात. कंपनी विचारत नाही तरी गातात, ही गोष्ट नईमच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. केविन जाताना टेप, हेडफोन आणि पिशवीभर कॅसेटी ठेवून गेला. गादीही ठेवून गेला.

मग केविनकडून नव्या कॅसेटींची परदेशी पार्सलं यायला लागली आणि मी या कथेत आलो. पहिलं पार्सल घेऊन गेलो तेव्हा नईम दुकानाच्या मागच्या खोलीत होता. पिंजलेल्या कापसाची खोली ती. चारी भिंतींना छतापर्यंत गाठोडी रचलेली. "या भाऊ, दार लोटून घ्या," तो म्हणाला. मी दार लोटलं, आणि अरे बापरे… बाहेरचा रस्ता गेला, कुत्री गेली, समोरच्या वेल्डिंगवाल्याची खटखट गेली. मी "नईम" म्हटलं तर माझा आवाज माझ्या तोंडापुढेच मऊ पडला. तीस वर्षं मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, देवळात वाजवतो, मांडवात वाजवतो, पण इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. नईम हसला. "शहरात म्हणे अशी खोली बनवाले लोक बोलवा लागतेत. आपल्या घरी आजोबाच्या काळापासून आहे."

त्यानं मला एक गाणं ऐकवलं. आधी केविनच्या कॅसेटवरचं, मग त्याचं स्वतःचं. दोन गिटारी, एक जाड घुमणारी तार, वर दोन आवाज. मी म्हटलं, "बाकीचे तिघं कोण रे?" म्हणाला, "मीच." मला वाटलं फेकून राह्यला. मग त्यानं दाखवलं. यवतमाळहून आणलेली जुनी गिटार, ऐकून ऐकून शिकलेली, आणि दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर. पहिल्यात गिटार टेप करायची, ती वाजवत ठेवून वर गायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्यात टेप करायचं, मग दुसरा वाजवत ठेवून पहिल्यात पुन्हा. एक जरी सूर चुकला तर सगळं पहिल्यापासून. आणि ती घुमणारी तार? ती होती आजोबाची पिंजण. कापूस पिंजायचं ते भलंमोठं धनुष्य, यंत्र आल्यापासून भिंतीवर टांगलेलं. त्याची आतड्याची तात तो लाकडी मुठीनं हळूच ठोकायचा, आणि छातीत काही तरी हलल्यासारखं व्हायचं. मी पुष्कळ मोठे गवई ऐकलेत, आपल्या भागात आले तेव्हा पुढे बसून ऐकलेत. पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, तो पहिल्यांदा एका गादीवाल्यामुळे.

त्याची आवडही कशी, तर आपल्याला बुचकळ्यात टाकणारी. फार सफाईदार गाणं त्याला चालायचंच नाही. एक बँड होता, त्यांच्या गाण्यात मध्येच भांड्याचं झाकण पडल्याचा आवाज यायचा. नईमला ते झाकणच जास्त आवडायचं. एक माणूस असा गायचा की शेजारच्या खोलीत त्याची आई झोपली असावी. "हा पहा, याले लाज वाटून राह्यली गायची, तरी गाऊन राह्यला," असं नईम म्हणायचा आणि डोळे मिटून पुन्हा तेवढंच ऐकायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं, मला पत्त्यापुरतं येतं. अर्थाचं आम्हा दोघांचं काही अडलं नाही.

मला त्यानं कसं ओढलं ते सांगितलंच पाहिजे. एक दिवस म्हणाला, "भाऊ, तुमची पेटी पाहिजे." मी खूश. घरी बायकोला सांगितलं, धुतलेला शर्ट घातला, पेटी सायकलला बांधून नेली. तर हा म्हणतो एकच पट्टी दाबायची. पाच मिनिटं! मी उखडलो. "अरे, मी काय नवशिक्या आहे? मले भैरवी येते, मले…" तो शांतपणे म्हणाला, "येते ना भाऊ. म्हणूनच तर तुमाले बोलावलं. ज्याले काही येत नाही तो एका सुरावर टिकत नाही, त्याची बोटं वळवळतात." मी तोंड वाकडं करून पट्टी दाबली. जुम्म्याची दुपार होती, नमाजनंतर दुकान बंद. पुढच्या जुम्म्याला त्यानं पूर्ण गाणं ऐकवलं आणि माझा तो एकच सूर सगळ्या गाण्याखाली जमिनीसारखा पसरलेला होता… नंतर घरी येऊन पुष्कळ वेळ मी तीच एक पट्टी दाबत बसलो, बायको म्हणाली पेटी बिघडली का.

त्या वर्षांत माझं काम फार जड झालं होतं. ज्या घरी महिन्यापूर्वी मी हसत मनिऑर्डर दिली, त्याच घरी सरकारी लिफाफा घेऊन जायचं आणि सही कोणाची घ्यायची ते कळायचं नाही. अशाच एका दिवशी एका लहान मुलीनं माझ्यापुढे सही केली, नवीन शिकलेली, वळणदार. तिथून मी घरी गेलो नाही, नईमच्या खोलीत गेलो आणि ढसाढसा रडलो. त्या खोलीत रडण्याचाही आवाज बाहेर जात नव्हता. नईम उठला, पिंजण उतरवली आणि नुसती तात वाजवत राहिला, माझं होईस्तोवर.

पण तोच कापूस त्याच्या छातीत बसत होता. पिंजाऱ्यांना हे नवं नाही, त्याचे वडीलही खोकूनच गेले. दोन वर्षांपूर्वी नईमला इतका दम लागला की यवतमाळला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, शबानाभाभीला, स्पष्ट सांगितलं की कापसाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मग मी आणि भाभीनं शहाणपणा केला. तो दवाखान्यात असतानाच सगळी गाठोडी रफिकच्या गोदामात हलवली, भिंती झाडल्या, चुना मारला. खोली अशी लख्ख केली की मला स्वतःचाच अभिमान वाटला. नईम आला, दारात उभा राहिला आणि खोकला. तो खोकला चारी भिंतींवर आपटून परत आला. नईम खाली बसला, नुसता बसला. रागावला असता तर बरं झालं असतं! त्याचा जीव वाचवायला निघालो आणि ज्यात त्याचा जीव होता तेच आम्ही पोत्यांत भरून बाहेर काढलं, हे मला त्या क्षणी कळलं.

आठ-नऊ महिने त्यानं टेप लावला नाही. मग थंडीच्या सुरुवातीला एक दिवस म्हणाला, "भाऊ, एक गाणं राह्यलं." केविननं पहिल्यांदा त्याच्या कानाला लावलं होतं ते. इतक्या वर्षांत त्याला त्यानं हात लावला नव्हता, आपली लायकी नाही म्हणायचा. "आता लायकीची वाट पाहाले टाइम नाही. दम आहे तोवर एकदा पूर्ण म्हणतो. पण या खोलीत नाही होत, ही खोली लय बोलते." मी घरी गेलो. बायकोनं रजया उन्हात टाकल्या होत्या, अंगणभर. मी बघतच राहिलो… मग दुसऱ्या दिवशी डाक वाटताना प्रत्येक दारात सांगत गेलो, शुक्रवारी दुपारपुरती तुमची रजई द्या. "काहून जी?" "नईमले गाणं म्हणायचं आहे." खरं सांगतो, एकानंही दुसरा प्रश्न विचारला नाही. लोक डोक्यावर घेऊन आले. धुतलेल्या खोळी, उन्हात तापलेल्या रजया, धुळीचा कण नाही. दोऱ्या बांधून आम्ही त्या चारी भिंतींवर टांगल्या, छताला ताणल्या, गाद्या खाली अंथरल्या.

नईम आत आला आणि एकेका रजईवरून हात फिरवत चालला. "ही मास्तरीणबाईची. हिच्यात अब्बानं कापूस कमी टाकला होता, त्यायले वजन सहन नव्हतं होत. ही मुकुटबनच्या नानीची, लेकीच्या लग्नातली. हिचा टाका माहा पहिला, वाकडा आहे पहा." अर्ध्या गावाची रजई त्याला हातानं ओळखू येत होती. मी पेटीवर बसलो. भाभी दम्याचा पंप घेऊन कोपऱ्यात बसली. एरवी टेप करताना तो माझ्याशिवाय कोणाला आत बसू द्यायचा नाही, त्या दिवशी ती म्हणाली, मी बाहेर राहणार नाही, झालं. टेप सुरू झाला. त्यानं पहिलं कडवं म्हटलं, दुसरं म्हटलं, बारीक आवाजात पण सुरात, अगदी मधोमध सुरात. शेवटचं कडवं आलं, त्यानं तोंड उघडलं आणि श्वासच आला नाही. गिटार चालू, तोंड उघडं, डोळे माझ्याकडे. मी पट्टी सोडली नाही. त्याच्या शब्दात सांगायचं तर, एका सुरावर टिकलो. आणि कोपऱ्यातून आवाज आला. भाभी गात होती! उर्दू शाळेत सातवी शिकलेली, आयुष्यात चारचौघांत तोंड न उघडलेली बाई, ते इंग्रजी कडवं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणत होती. डोळे जमिनीकडे, पंप मुठीत घट्ट. नईमची बोटं गिटारीवर चालत राहिली आणि गाणं पूर्ण झालं.

टेप बंद करायचं कोणाला सुचलं नाही. नईमनं गिटार खाली ठेवली आणि विचारलं, "तुझे ये कब आया?" भाभी म्हणाली, "आएगा नै तो क्या? रोज कान में लगाके बैठते, और साथ में गुनगुनाते. बर्तन मांजते-मांजते आ गया." नईम हसायला लागला. खोकत खोकत, पोट धरून, रजयांच्या मधोमध बसून हसला. संध्याकाळी ज्याच्या त्याच्या रजया परत गेल्या.

परवा त्याच्या घरी गेलो. भाभीची इद्दत, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, चालू आहे, म्हणून मी ओसरीत आणि ती पडद्याआड. रफिकनं मला चहा दिला. ती कॅसेट माझ्याकडे होती, केविनला पाठवायला प्रत काढायची म्हणून नेलेली. मी विचारलं, "भाभी, गाणं लावू?" पडद्याआडून आवाज आला, "गाणा नको भाऊ. गाण्याच्या बादचं लावा." मी फीत पुढे घेतली. तिचं वाक्य आलं, मग त्याचं हसणं, मग खरखर. फीत फिरत राहिली. मग ती म्हणाली, "पीछे घ्या." मी मागे घेतली. पुन्हा संपलं. "पीछे घ्या." चहा केव्हाच गार झाला होता. मी उठलो तोवर नईम सात वेळा हसला होता.