बोटीला भोक पाडणारा व्याही

शालिकभाऊ तायडे यंत्राला हात लावण्याआधी कान लावत. पेचकसाचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आजूबाजूला कोणी श्वास घेतला तरी त्याच्यावर खेकसायचं, अशी त्यांची तपासणी असे. मी अमरावतीहून बदली होऊन बँकेच्या अकोल्याच्या शाखेत आलो आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो, तेव्हा एप्रिल चालू होता. पहिल्याच दुपारी हे गृहस्थ न विचारता घरात शिरले, माझ्या कूलरला पेचकस लावून ऐकलं आणि म्हणाले, “साहेब, हा उद्या मरते.”

मी म्हटलं, “अहो, निघण्याआधी सर्व्हिसिंग करून आणलाय.”

“थे तुमचं अमरावतीचं सर्व्हिसिंग. कूलरले अकोल्याची हवा मालूम नाई.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कूलर मेला. संध्याकाळी शालिकभाऊंनी स्वतः येऊन त्यात नवीन बेअरिंग टाकलं, एक पैसा घेतला नाही आणि त्याची वसुली म्हणून ती गोष्ट पुढे मी अकोल्यात होतो तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली.

बाळापूर नाक्याजवळ त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीत जळालेल्या मोटरी लोक बैलगाडीतून, ऑटोतून, मोटरसायकलला बांधून आणत. विनय हा गुण त्यांच्या आसपास फिरकला नव्हता. “अकोल्यात मोटर समजनारे दोनच मानसं होते,” ते म्हणत, “अन् दुसरा मेला.” गिऱ्हाइकाने खोटी हकिगत सांगितली की मोटरीकडे बोट दाखवून म्हणत, “हे खोटं बोलत नाई. मालक बोलते.” आता शालिकभाऊही नाहीत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की दुकान, कूलर सगळं मागे पडतं आणि डोळ्यांपुढे एक बोट येते. अकोल्याच्या माणसाच्या आठवणीत बोट यावी हेही त्यांनाच शोभणारं आहे.

त्यांची मुलगी प्रज्ञा जिल्हा परिषदेची शिक्षिका. नेमणूक मिळाली ती थेट रत्नागिरीकडे, समुद्रकाठच्या गावात. वऱ्हाडातले मास्तर कोकणात गेले की पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीचे अर्ज लिहायला बसतात. प्रज्ञाने अर्ज लिहिला नाही, तिथल्या एका बोटवाल्या घरातल्या महेशशी लग्न केलं. शालिकभाऊ थोडे दिवस फुगून बसले, मग स्वतःच मांडव घालायला उभे राहिले. महेशचे वडील गणपत नाखवा, म्हणजे बोटीचे मालक आणि बोट हाकणारेही तेच, लग्नाला अकोल्याला आले, उन्हाबद्दल एक वाक्य बोलले आणि दिवसभर पंख्याखाली बसून राहिले. “माहा व्याही मुका हाये का काय?” असं शालिकभाऊंनी मला तीनदा विचारलं.

पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत प्रज्ञा माहेरी आली ती एक खोकं घेऊन. आत मासे दाखवणारं यंत्र होतं. त्याचा पडदा बोटवाल्यासमोर असतो आणि एक गोल डबी पाण्यात. डबी खाली आवाज सोडते, तो तळावर आणि माशांवर आपटून वर आला की ऐकते आणि पडद्यावर चित्र उमटतं. त्या डबीला ट्रान्सड्यूसर म्हणतात. शालिकभाऊंनी एका मिनिटात तिचं नाव ‘कान’ ठेवलं. बंदरातल्या कोणीतरी हा कान बोटीच्या मागच्या फळीला लावून दिला होता. बोट उभी असली की चित्र दिसे, चालू लागली की बोट ढकलणाऱ्या पंख्याचा फेस कानावरून जाई आणि पडदाभर नुसत्या मुंग्या. शेजारच्या बोटी यंत्र पाहून जाळी टाकत होत्या आणि नाखवांची बोट रिकामी परतत होती. यंत्र खोक्यात गेलं. दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जायची भाषा महेश करू लागला.

“मी सासऱ्याले शब्द देऊन बसली, बाबा,” प्रज्ञा म्हणाली. “माहे बाबा बरोबर लावून देतीन म्हनून.”

“मले न इचारता कावून देल्ला?” शालिकभाऊ गरजले. पण तोवर त्यांनी खोकं उघडून पेचकस काढला होता.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. मी बँकेतून दमून येऊन जरा आडवं व्हावं, तर हे जिन्यातूनच सुरू होत. “साहेब, झोपू नका. तीन तऱ्हा हायेत.” मागच्या फळीला लावायचा, त्याचं तर झालंच होतं. आतल्या बाजूने चिकटवायचा, पण ते फायबरच्या बोटीला चालतं, लाकडातून आवाज नीट जात नाही. राहिली तिसरी तऱ्हा. पंख्याच्या बरंच पुढे, जिथे पाणी फेसाशिवाय येतं, तिथे बोटीच्या पोटाला आरपार भोक पाडायचं आणि कान त्यातून खाली काढायचा.

“म्हणजे चांगल्या बोटीला भोक पाडायचं?” मी विचारलं.

“हाव.”

“मुलीच्या सासरच्या?”

“हाव ना बावा,” ते म्हणाले.

मुंबईचा दुकानदार फोनवर म्हणाला, आरपारचा प्लास्टिकचा घ्या, आजच पाठवतो. शालिकभाऊंनी साफ नाही म्हटलं. त्यांचे वडील बैलगाड्या करत. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून धाव सैल झाली की चाक पाण्यात बुडवून ठेवत आणि फुगलेलं लाकूड लोखंडाच्या धावेला घट्ट धरी. “लाकूड पानी पेलं का चारी बाजूनं दाबते. प्लास्टिकले फोडन थे. मले काश्याचा पाह्यजे.” मग आवाजावरून वाद. जाड आवाज खोल जातो, बारीक आवाज उथळ पाण्यात स्वच्छ दाखवतो. नाखवा दोन्हीकडे जातात म्हणून दोन्ही आवाज काढणारा कान हवा, हे त्यांनी दुकानदाराला इतक्यांदा सांगितलं की शेवटी तो बिचारा नुसता “हो काका, हो काका” म्हणू लागला.

काश्याचा कान यायच्या आधी जुना कान चालतो की नाही हे पाहायचं होतं. अकोल्यात समुद्र कुठून आणायचा? बार्शीटाकळीकडे त्यांच्या मेहुण्याचं वावर, म्हणजे शेत, होतं आणि वावरात भरपूर पाण्याची विहीर. ट्रॅक्टरची बॅटरी काठावर ठेवली, कान दोरीला बांधून पाण्यात सोडला, पडदा खाटेवर मांडला. अर्ध गाव जमलं. पडद्यावर तळाची जाड रेघ उमटली. शालिकभाऊ म्हणाले, “बादली सोडा.” बादली पाण्यात बुडू लागली आणि पडद्यावर एक तिरपी रेघ वरून खाली सरकू लागली. “पाह्यून राह्यले ना? चालली बादली! हे पाहा, टेकली!” साठीचा माणूस विहिरीच्या काठावर टाळ्या पिटत होता. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. तेवढ्यात मेहुण्यांच्या आई पुढे आल्या. “मागल्या साली माहा हंडा पडला यात. थो दिसते का पाह्य बरं.” मग ऊन उतरेपर्यंत आम्ही दोरी इकडून तिकडे फिरवत हंडा शोधला. तो काही दिसला नाही.

नवा कान आला. बोटीचं पोट उतरतं असतं, त्यामुळे भोकातून काढलेला कान खाली न बघता तिरपा बघतो. तो सरळ राहावा म्हणून मध्ये लाकडाची पाचर लागते. महेशने पुठ्ठ्यावर उतार कापून पाठवला आणि शालिकभाऊंनी घरातल्या जुन्या सागवानी चौकटीतून पाचर घडवली. लाकूड ओलं नको म्हणून ते उरलेला मे महिना गच्चीवर वाळत घातलं होतं. पाचर अशी झाली होती की पुठ्ठ्यावर ठेवली तर मधून केस जाऊ नये. “कोकनात असं काम भेटन का?” ते भेटेल त्याला विचारत.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि बोटी काठावर ओढून ठेवतात. ती बंदी उठायच्या थोडं आधी आम्ही निघालो. व्याह्याच्या दारात एकट्याने जाणं बरं दिसत नाही म्हणून मलाही रजा काढायला लावली होती. शालिकभाऊंनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पावसात, प्रज्ञाच्या अंगणातून. बराच वेळ पाहून म्हणाले, “पानी तं बम हाये. पन एका वावराच्या कामाचं नाई.”

नाखवा नुसते हसल्यासारखे झाले. आम्ही गेलो त्या रात्री पाचर पिशवीतून काढून पडवीच्या ओल्या फरशीवर ठेवली होती. दोन दिवसांनी पाऊस उघडला तेव्हा ती बोटीच्या पोटाला लावून पाहिली, तर पाचर टेकेना. एक कड चिकटली की दुसरीकडून उजेड दिसे. अकोल्याच्या उन्हात खडखडीत वाळलेल्या सागाने इथली ओली हवा पिऊन अंग वाकडं केलं होतं. ज्या माणसाने मुंबईच्या दुकानदाराला लाकूड फुगण्यावर व्याख्यान दिलं होतं, तो हातातल्या पाचरीकडे बघत उभा राहिला. चेहरा पार उतरला होता. आजूबाजूच्या बोटींवरची माणसं पाहत होती. प्रज्ञा पाहत होती. मला वाटलं, आता व्याही बोलणार.

नाखवा वखारीत गेले आणि एक काळपट लाकडाचा ठोकळा घेऊन आले. “ह्ये हितलंच हाय,” ते म्हणाले. “कैक वर्सं हितंच पडून हाय. ह्याला हितली हवा ठाव हाय.”

दोघे व्याही मांडीला मांडी लावून बसले. एकाने धरायचं, दुसऱ्याने तासायचं. शालिकभाऊ अखंड बोलत होते आणि नाखवा अखंड गप्प होते, तरी काम कसं कोण जाणे अगदी जुळून चाललं होतं. तिसऱ्या प्रहरी पाचर टेकली.

मग भोकाची वेळ आली. शालिकभाऊंनी बोटीच्या पोटाला पेचकस लावून ठोकून ऐकलं, फळी कुठे भरीव आहे ते पाहिलं, खूण केली. नाखवांनी खुणेपाशी नारळ फोडला आणि ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. आयुष्यभर पाणी बाहेर ठेवण्यासाठी झिजलेला माणूस, त्याला ते बघवत नव्हतं. शालिकभाऊंनी ड्रिल खुणेवर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. प्रज्ञाने जवळ जाऊन वायर सावरून धरली आणि हळूच म्हणाली, “बाबा, पाडा.” लाकडाचा भुसा उडाला, गोल चकती खाली पडली आणि बोटीच्या आतून बाहेरची वाळू दिसली. पाणी रोखणारा मसाला भरून, पाचर बसवून, काश्याचं नट आवळून होईपर्यंत कोणी चहाही मागितला नाही.

मसाला वाळल्यावर दोन-चार दिवसांनी मोठ्या भरतीला बोट पाण्यात ढकलली. शालिकभाऊंना पोहता येत नव्हतं, तरी ते आधीच चढून बसले होते. “भोक म्या पाडलं, मंग पयले मीच बसन.” मलाही ओढून घेतलं. महेशने यंत्र लावलं, नाखवांनी बोट खाडीच्या तोंडाकडे घेतली आणि वेग वाढवला. मुंग्या नाहीत! तळाची रेघ आखून दिल्यासारखी स्वच्छ, खड्डा आला की खाली, उंचवटा आला की वर. आणि मग मधोमध ठिपक्यांचा एक दाट ढग सरकत आला. “मासे!” महेश ओरडला. नाखवा पडद्याकडे वाकले, बोटीबाहेर पाण्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पोरासारखी चमक होती. शालिकभाऊंनी माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी निळा पडला.

त्याच आनंदात ते भोक पाहायला खाली उतरले आणि फळी उचलून पाहतात तो बोटीच्या तळाशी पाणी. घोट्याएवढं. काळं, डुचमळणारं. शालिकभाऊ तिथेच पाण्यात बसले. “नाखवा,” ते म्हणाले. “बोट वापस घ्या. माहं भोक गयते. पोरीले काई म्हनू नका, हात जोडतो. चुकी माही हाये.” आणि तो मोठ्या तोंडाचा माणूस गुडघ्यात डोकं घालून ढसाढसा रडू लागला.

नाखवांनी सुकाणू महेशकडे दिलं आणि खाली आले. खांद्यावरचा पंचा काढला, शालिकभाऊंच्या शेजारी गुडघे टेकले आणि काश्याच्या नटाभोवती, पाचरीच्या कडेकडेने तो फिरवला. मग पंचा शालिकभाऊंच्या हातात दिला. कोरडा होता.

“तुमचं कोरडं हाय, व्याही,” नाखवा म्हणाले. “गळतात ते माझं सांधं. बोट म्हैनं दोन म्हैनं वर ऱ्हायली की पैल्या दिशी पाणी पिते. सांध्यातला कापूस भिजला, फळी फुगली, की उद्याला बंद.”

शालिकभाऊंनी त्याच पंच्याने डोळे पुसले. नाक पुसलं. सांध्यांकडे पाहिलं. “सांध्यात कापूस रायते?”

“हां. कापसाचं सूत.”

“मंग नाखवा, गयते थे बी आमचंच हाये,” शालिकभाऊ म्हणाले. “कापूस वऱ्हाडातला असन.”

गणपत नाखवा आधी कळल्यासारखे, मग न राहवून हसले, इतके हसले की वरून महेश वाकून पाहू लागला. आणि दोघे व्याही घोट्याएवढ्या पाण्यात बसून, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत, डबा घेऊन ते पाणी उपसू लागले.