भूकंपाच्या माथी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती नाही. मुलगा पुण्याला. लातूरच्या या घरात वरच्या मजल्यावर क्लासची पोरं राहतात, जिन्यात त्यांच्या चपलांचा ढीग असतो. खाली मी एकटाच. तेव्हा तुम्हालाच सांगतो.

मी विमा कंपन्यांचा सर्वेअर होतो. नुकसान झालं की जागेवर जायचं, ते कशानं झालं ते ठरवायचं. माझ्या शब्दावर भरपाई मिळायची किंवा अडायची. खरं सांगू? — ते मला आवडायचं.

किल्लारीच्या भूकंपाला काही वर्षं उलटून गेली होती. औशाच्या बाजूला मळीपासून स्पिरिट काढणारा एक कारखाना होता. त्याच्या सांडपाण्याच्या हौदाची भिंत एका दुपारी फुटली. काळं, आंबूस पाणी ओढ्यानं खाली गेलं आणि महेबूबचाचांच्या विहिरीत उतरलं. चाचा म्हशी पाळायचे. दूध लातुरात क्लासच्या पोरांच्या खानावळींना जायचं. ते पाणी प्यायलेल्या बहुतेक म्हशी एकेक करून बसल्या — त्या उठल्याच नाहीत.

कारखान्याचा विमा होता. आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई विमा कंपनीनं द्यायची, असा. पण अट होती : अचानक अपघात झाला तर भरपाई, भूकंपामुळे झालं तर नाही.

मी हौद पाहिला. भिंत कच्ची, आणि हौद काठोकाठ भरलेला. दुसरं कारण नव्हतं. हौद तर भूकंपानंतर बांधलेला. चाचा माझ्या मागं मागं चालत होते.

"हौद लई भरून राहिले होते ते लोक, साहेब. मी सांगून सांगून थकलो."

"हो, दिसतंय," मी म्हणालो. शब्द माझेच.

मग विमा कंपनीच्या साहेबांचा फोन आला. खोटं लिहा, असं ते म्हणाले नाहीत. "भूकंपाचाच पट्टा ना तो? बघा काही संबंध लागतो का" — एवढंच. मी काय करायला हवं होतं? तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. मी लिहिलं, भूकंपानं जमीन आतून भेगाळली होती, त्यानं पाया खचला, म्हणून भिंत फुटली.

कारखान्याच्या मालकानंही वाद घातला नाही. विमा कंपनीच भूकंप म्हणते, मग माझा काय दोष, असं चाचांना सांगून तो मोकळा झाला. भूकंपाला कोर्टात कोण ओढणार?

आणि आता ते — ज्यासाठी इतका वेळ लावला. त्या भूकंपात माझी धाकटी बहीण गेली. किल्लारीजवळ तिचं सासर. दगडांखालून तिला काढलं तेव्हा मी तिथं उभा होतो. तोच भूकंप मी त्या हौदाच्या कामी आणला. लिहिताना हात थांबला का? नाही. मला ती आठवलीसुद्धा नाही.

काही महिन्यांनी चाचा लातूरच्या बसस्टँडवर दिसले. उरलेली जनावरं विकून लेकीकडे उदगीरला निघाले होते. मी तोंड चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. हौद त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तरी शिकलेल्या माणसानं लिहिलंय म्हणजे आपल्याच बघण्यात काही चुकलं, असं त्यांनी धरलं होतं. माझ्या बहिणीचंही कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. माझा हात दोन्ही हातांत घेऊन ते म्हणाले,

"भूकंपानं तुमची बहीण नेली साहेब, माझ्या म्हशी नेल्या. आपलं दुःख एकच हाय. कुणाला बोलावं?"

उदगीरची गाडी अजून लागली नव्हती. सांगायला वेळ होता.

"हाव, चाचा," मी म्हणालो. आणि गाडी लागेपर्यंत हात त्यांच्या हातात तसाच राहू दिला.