फोटोतली माणसं

अमडापूरच्या आम्ही सहा-सात बाया दर गुरुवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बेसन-भाकरी घेऊन जायचो. पेशंटला दवाखान्यातून जेवण मिळतं. त्याच्याजवळ बसलेल्या माणसाचे हाल असतात, म्हणून. स्वयंपाक माझ्या घरी व्हायचा. आमच्यात सगळ्यांत मोठ्या निवृत्त शिक्षिका. त्यांना अख्खं गाव 'बाई' म्हणतं. सगळ्यांत लहान, एका घरची नवी सून. भाकरी सुरेख थापायची, बोलायची कमी. पण दवाखान्यात पोचलं की मोबाइल काढून फोटो घ्यायची. बाईंना ते आवडायचं नाही.

एका गुरुवारी वऱ्हांड्यात एक म्हातारी भाकरी घेत होती. मोबाइल समोर येताच तिनं पदरानं तोंड झाकलं आणि भाकरी परत टोपलीत ठेवली. बाई कडाडल्या, "लाज वाटत नाही? ती काय तमाशाला आली आहे?" आणि सुनेच्या हातातला मोबाइल ओढून पिशवीत टाकला. परतीच्या ऑटोत बाईंनी तो तिच्या मांडीवर ठेवला. सून गावापर्यंत बाहेर बघत रडत होती.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. आमच्यातल्या दोघीजणी तिच्या बाजूनं बोलू लागल्या. बाई म्हणाल्या, "मग मीच येत नाही." मी बाईंना आणि सुनेला माझ्या ओट्यावर बसवलं. बाईंनी पुन्हा तेच ऐकवलं. सून खाली मान घालून "हाव" एवढंच म्हणाली आणि निघून गेली. भांडण होतं तिथंच राहिलं.

तिची परात माझ्याकडे राहिली होती. ती द्यायला गेले, तर दारातच तिनं हळू आवाजात सांगितलं, "काकू, मले फोटोची हौस नाई. फोटो नाई दाखोला तं घरचे जाऊ देत नाईत. पन बाईले सांगू नका."

मी शब्द दिला. पण रात्रभर चैन पडेना. शेवटी बाईंना एवढंच म्हटलं, "माझ्यासोबत तिच्या घरी चला, चहा पिऊन येऊ." बाई कुरकुरत आल्या.

सासू बाजेवर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. आम्हाला पाहून ती आपणहूनच म्हणाली, "तुमच्या त्या गुरुवारचा फोटो नाई आला. म्या म्हनलं, दवाखान्यात जाते का अजून कुठं, मले कसं समजन? आता जायाचंच नाई म्हनलं."

सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सासूवर बरसतील. पण त्या बाजेच्या कडेला जाऊन बसल्या.

"तुम्हीच चला ना एकदा आमच्यासोबत."

"ह्या गुडघ्यानं?"

"मग मी हिला न्यायला येईन आणि दारात आणून सोडीन. माझ्यावर तरी विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर काऊन नाई बाई? माहा पोरगा तुमच्याच हाताखाली शिकला."

बाईंनी चहा घेतला. माफी मागितली नाही; तसा त्यांचा स्वभावच नव्हता. उठताना सुनेला म्हणाल्या, "गुरुवारी नऊ वाजता. तयार राहा." ती नुसती हसली.

त्या गुरुवारी बाई खरंच तिच्या दारात गेल्या, आणि त्यानंतरही जात राहिल्या. सून आता फोटो घेते तो निघण्याआधी, आमच्या टोपल्यांचा. सासूला तो अजून लागतोच. दवाखान्यात तिचा मोबाइल पिशवीतच असतो.

दोघींची फार गट्टी जमली असं नाही. परवा येताना ऑटोत बाई म्हणत होत्या, भाकरी पातळ हवी. सून म्हणत होती, पातळ भाकरी दवाखान्यात पोचेपर्यंत वातड होते. दोघी हट्टाला पेटल्या होत्या. मला मध्ये घालायला बघत होत्या, पण मी डोळे मिटून घेतले.