ब्रेल पट्टीचं बंद मॉड्यूल

ग्रंथालयातले संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे कुलूपकाका म्हणत. नाव ठेवलं होतं त्यांच्या ताईने. काका फावल्या वेळात एका खुल्या संगणक प्रणालीचं काम करायचे. हजारो लोकांनी मिळून बांधलेली प्रणाली. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, बिघडलं तर दुरुस्त करावं. एखाद्या कंपनीचं बंद मॉड्यूल, म्हणजे आतला मजकूर न दाखवता दिलेला तुकडा, त्यात घ्या असं कुणी म्हटलं की काका त्याला फैलावर घेत. "वस्तू आपल्या घरात आणि किल्ली त्यांच्या खिशात? जमायचं नाही!" चौदा वर्षं त्यांनी हे लावून धरलं.

ताई सहा वर्षांनी मोठी, जन्मापासून अंध. एका संस्थेत ती ब्रेल पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. पुढे कागद बंद झाले आणि संस्थेने तिला ब्रेल पट्टी दिली. संगणकाला जोडली की बोटांखाली ठिपके वर येत, एकेक ओळ सरकत जाई. पण संस्थेत काकांनीच बसवून दिलेली खुली प्रणाली होती, आणि पट्टी चालवणारं कंपनीचं मॉड्यूल बंद.

"अरे, ही तर मुकीच बसलीये," ताई म्हणाली.

काकांनी पाच महिने स्वतःचं मॉड्यूल लिहून पाहिलं. अक्षरं उमटली, गणिताची चिन्हं काही केल्या उमटेनात.

"तुझी तत्त्वं चांगलीच आहेत रे," ताई म्हणाली, "पण मी हाताखाली काय घेऊ?"

त्या आठवड्यात काकांनी स्वतःच प्रस्ताव मांडला: हे एक बंद मॉड्यूल प्रणालीत घ्यावं. मंडळी चाट पडली. प्रणालीचे निर्णय घेणाऱ्या मंडळातल्या सर्वांत जुन्या बाईंनी लिहिलं, "मन मानत नाही. पण तुमच्या ताईंना नाही म्हणायची माझी छाती नाही." प्रस्ताव मंजूर झाला. अभिनंदनाचे संदेश आले. काकांनी एकालाही उत्तर दिलं नाही. ताईने मात्र अडीच वर्षांत अकरा पुस्तकं हातावेगळी केली.

मग पट्टीची कंपनी विकली गेली. नव्या मालकाने ते उत्पादनच गुंडाळलं. त्यानंतर प्रणालीचा गाभा बदलला आणि मॉड्यूल चालायचं थांबलं. आत जाता आलं असतं तर तासाभराचं काम होतं. प्रणालीची जुनी आवृत्ती ठेवावी, तर सुरक्षेच्या नियमामुळे संस्थेचं जाळं तिला आत घेईना. नव्या पट्टीसाठी अर्ज केला, तर "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर मिळालं. काका दर सोमवारी कंपनीला पत्र पाठवत. दर सोमवारी यंत्राचं उत्तर येई: आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

"तुम्हीच तर आधी सांगत होता," असं मंडळातलं कुणी म्हणालं नाही. कुणीतरी म्हणावं, असं काकांना वाटत राहिलं. जुन्या बाई दोन आठवडे त्यांच्याबरोबर झटल्या आणि शेवटी त्यांनी लिहिलं, "मीही हात टेकले. माफ करा."

आता ग्रंथालय सुटलं की काका ताईच्या टेबलाशी बसत. ब्रेल त्यांना डोळ्यांनी वाचता येई, लहानपणी तिच्याकडूनच शिकलेले. पडद्यावरचं ते वाचून दाखवत, ती चुका सांगे.

"इथे स्वल्पविराम आहे?"

"आहे."

"मग थांबला का नाहीस?"

गोष्टींची पुस्तकं कशीबशी निभली. गणिताला मात्र एकेक ठिपक्याचा क्रमांक सांगावा लागे: एक, तीन, चार, दोन, सहा. संध्याकाळभरात सव्वा पान व्हायचं. एका अपूर्णांकापाशी तिने तिसऱ्यांदा मागे जायला सांगितलं आणि काकांचा आवाज चढला.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेच्या प्रमुखांना फोन लावला. काका शेजारीच बसले होते. "गणित यापुढे दुसऱ्या कुणाला द्या," ती म्हणाली. "नाही, तब्येत उत्तम आहे माझी."

फोन ठेवून तिने काकांना विचारलं, "तू जेवलास का?"