सत्यभामेचा ‘ळ’

१९२८ साली बाळापूरच्या माळ्याची सत्यभामा अकोल्याला मास्तरणीचं ट्रेनिंग घेत होती. परीक्षेच्या पाठासाठी तिच्या वाट्याला ‘ळ’ आला आणि तिचं धाबं दणाणलं. घरी सगळे केळ्याला ‘केयं’ म्हणत. आठवडाभर ती चुलीपाशी ‘केळं, डोळा, फळा’ घोकत राहिली.

पाठाच्या दिवशी परीक्षक मागे येऊन बसले. तिनं फळ्यावर ‘केळं’ लिहिलं. पहिलीतली कौशल्या मोठ्यानं वाचू लागली, “केयं!”

“डोये उघडून पाह्य!” सत्यभामा घाबरून बोलून गेली.

मुली हसल्या. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं. आता लपवून काय उपयोग?

“चुकलं माह्यं,” ती म्हणाली. “मी बी घरी असंच बोलते. आपण संगं शिकू. जिभेचं टोक वर दुमडा.”

वर्गभर ‘ळ, ळ’ सुरू झालं. शेवटी कौशल्या नीट म्हणाली, “केळं!”

परीक्षक निघून गेले. निकाल लागला. सत्यभामा पास झाली. शेरा होता, ‘बोली सुधारावी. मुली शिकल्या.’

पुढे तिवशाच्या शाळेत तिनं जन्मभर शिकवलं, पण तपासणीचे साहेब आले की ती मनात पुन्हा ‘केळं, डोळा, फळा’ घोकू लागे.