तोंड इकडे, भाई

“तोंड इकडे!”

सकाळी आठच्या सुमारास, निजामपुऱ्याहून वाघोडियाला निघालेल्या आमच्या कारखान्याच्या बसमध्ये अर्धे लोक पेंगत असताना हा हुकूम यायचा. खिडकीबाहेर बघणारा माणूस दचकून मान वळवायचा. पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनच्या झाकणावर घडी केलेली सतरंजी टाकून काका बसलेले असायचे. रस्त्याकडे पाठ, आमच्याकडे तोंड. मांडीवर डब्याची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा निळा स्पीकर.

“गाणं चालू आहे ना? मग बाहेर काय बघता? वाघोडिया रोज तिथेच असतं. तोंड इकडे, भाई!”

इंजिनच्या झाकणावर बसणं नियमात बसत नाही. हे मला पक्कं माहीत आहे, कारण तो नियम सांगणारं पत्रक मीच छापून घेतलं होतं. मी सुरक्षा विभागात आहे. पण बारा वर्षं त्यांच्या समोर, पहिल्याच बाकावर बसून मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. आपल्या भित्रेपणाला मी ‘ज्येष्ठांचा मान’ म्हणत असे.

काका कंप्रेसर हाउसमध्ये ऑपरेटर होते. पण बसला त्यांची ओळख होती ती यादीमुळे. डिसेंबरच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर एक कागद चिकटायचा. डावीकडे वर्षातले दहा सिनेमे, उजवीकडे दहा अल्बम, क्रमाने. निळ्या शाईतलं वळणदार अक्षर, आणि पहिल्या नंबराभोवती लाल चौकट. त्या दिवशी बसमध्ये कोणी पेंगत नसे. आपला सिनेमा सातवा आला म्हणून माणसं दुपारी कँटीनमध्येसुद्धा भांडत.

अल्बमच्या बाबतीत त्यांचा कायदा कडक होता. घरून कारखान्यापर्यंत पाऊण तास लागतो. तेवढ्यात एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. मधलं टाळायचं नाही. मी एकदा म्हणालो, “काका, हे तिसरं जरा पुढे ढकला ना, फार रडकं आहे.”

“ताटातलं कारलं टाळता का?”

“टाळतो की.”

“म्हणूनच तब्येत अशी,” ते माझ्या पोटाकडे बघत म्हणाले, आणि बस हसली.

सिनेमाच्या बाबतीत आमच्या गुजराती ड्रायव्हरशी त्यांचं दरवर्षी वाजायचं. एका वर्षी त्यांनी मिठागराच्या राखणदारावरचा एक संथ सिनेमा दुसरा लावला. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात आपटला. “काका, एमां तो मने ऊंघ आवी गई!”

“झोप आली ना? पण कशी आली? घोरलास की नुसते डोळे मिटलेस?”

ड्रायव्हरने प्रामाणिकपणे विचार केला. “नुसते डोळे मिटले.”

“बस. म्हणूनच दुसरा. घोरला असतास तर नववा.”

असलं परीक्षण तुम्ही कुठे वाचलं आहे का? मी तरी नाही. त्यांच्या तोंडून कधी सूर, ताल, पटकथा असे शब्द आले नाहीत. “ज्या सिनेमानंतर माणसाला पार्किंगमध्ये आपली स्कूटर पटकन सापडत नाही, तो सिनेमा बेस,” असं ते म्हणायचे. एकदा काकू बाजारात भेटल्या, तेव्हा हसत हसत तक्रार करू लागल्या. “यांच्याबरोबर थिएटरात जायची सोय नाही हो. पुढच्या रांगेत कोपऱ्यात बसतात आणि निम्मा वेळ मागे वळून लोकांकडेच बघतात. तिकीट पडद्याचं काढलंय की प्रेक्षकांचं?” मीही हसलो. सगळं समोर मांडलेलं होतं, पण मला काही दिसलं नाही. आमच्या घरी यावर एकमत आहे. बायको म्हणते, “तुमच्या डोळ्यांसमोर हत्ती उभा केला तर तुम्ही विचाराल, इथे सावली कुठून आली?”

दरवर्षी कारखान्यात कान तपासायला गाडी येते. काचेच्या खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन लावायचे, बारीक आवाज आला की बोट वर करायचं. काका दरवर्षी पास. त्या वर्षी तपासणीला नवी मुलगी आली होती. तिने कॉम्प्युटर भिंतीकडे लावला आणि काकांकडे पाठ करून बसली.

मी बाहेर रांग सांभाळत होतो. काचेतून काका दिसत होते. बोट तयार ठेवून, पुढे झुकून ते त्या मुलीच्या पाठीकडे बघत होते. त्यांची नजर तिच्या खांद्यावर, मग कोपरावर, मग वेणीवर जात होती. बोट काही वर झालं नाही. एकदाही नाही.

संध्याकाळी अहवाल माझ्याच टेबलावर आला. वर्षानुवर्षं त्या कंप्रेसर हाउसमध्ये इअरप्लग वाटून सह्या घेणारा माणूस मीच. सह्या माझ्या फायलीत नीट लावलेल्या होत्या. कान त्यांचे गेले होते.

निजामपुऱ्याच्या थांब्यावर उतरलो, तेव्हा ते माझ्यासाठी थांबले होते.

“आला का कागद?”

मी मान हलवली.

“याआधीची मुलगी बटण दाबताना भुवई उचलायची,” ते म्हणाले. “चांगली होती बिचारी.”

“किती वर्षं झाली, काका?”

“सात-आठ. आधी बारीक सूर गेले. मग गाणाऱ्याचा शब्द गेला. तबला तेवढा पिशवीतून, मांडीला कळायचा. आता तोही नाही कळत. सगळ्या अल्बमांत मला इंजिनच ऐकू येतं.”

मी थांब्याच्या खांबाला टेकलो. “मग यादी?”

ते माझ्या ओठांकडे बघत होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. “तुमची तोंडं असतात की समोर. पस्तीस माणसं. कोण बोलता बोलता थांबतो, कोणाचा पाय हलतो, कोण डबा पुन्हा पुन्हा हुंगतो. डबा हुंगायला लागले की समजायचं, अल्बम पडला. मी काही मनाचं लिहीत नाही, भाई. जे दिसतं ते लिहितो.”

मग ते जवळ आले. “कंपनीला सांगा. सांगायलाच पाहिजे. मशीन बिघडलं तर त्याचा आवाज मला कळणार नाही, उगाच कोणाचा जीव जाईल. मला स्टोअरमध्ये टाकतील, टाकू देत. दोनच वर्षं राहिली आहेत. पण बसला सांगू नका. बसला कळलं तर माझी यादी कोण वाचणार? बहिऱ्याची यादी!”

मी शब्द दिला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“मागच्या वर्षी पहिला नंबर तर तुमच्यावरूनच दिला. त्या गझलांच्या अल्बमला. चौथ्या गझलेला तुमचे डोळे भरून आले होते. बाकीचे नुसते ऐकत होते. म्हटलं, हिशोबी चेहऱ्याचा माणूस रडतो म्हणजे गझलेत काहीतरी असणार.”

आता तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. त्या दिवशी माझी अक्कलदाढ ठणकत होती. चौथ्या गझलेच्या वेळी बस खड्ड्यात आदळली आणि माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. गझल कोणती होती हे मला आजही आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी बायको मला हाताला धरून दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. एका दाढेच्या जोरावर एक अल्बम वर्षातला सर्वोत्तम ठरला आणि पस्तीस माणसांनी तो घरी नेऊन बायकामुलांना ऐकवला.

मी काकांना हे सांगितलं नाही. म्हणालो, “हो काका, फार लागली होती ती गझल.”

त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. कानाचं मशीनही मिळालं, पण बसमध्ये ते काढून खिशात ठेवायचे. “यातून गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. त्यापेक्षा तुम्ही बरे.” बाकी बसला काही कळलं नाही. यादी आणखी दोन वर्षं काचेवर लागली. ती दोन वर्षं मी बसमध्ये एकदाही पेंगलो नाही. दात दुखत असले तर मागच्या बाकावर जाऊन बसायचो. गाणं आवडलं तर आवडलंय असं तोंडभर दिसू द्यायचो आणि नाही आवडलं तर सरळ डब्याचं झाकण उघडायचो. आयुष्यात मी कुठल्याही कागदावर इतकी खरी सही केली नसेल.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी निळा स्पीकर माझ्या हातात ठेवला. “तुमचा चेहरा चांगला आहे,” म्हणाले. असं मला लग्नाच्या वेळीसुद्धा कोणी म्हटलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले.

डिसेंबर लागला तसा ड्रायव्हर यंदाचं विचारू लागला, “साहेब, आ वखते यादी?” मी एके सकाळी स्पीकर काढला आणि पहिल्यांदाच माझंच पत्रक मोडून इंजिनच्या झाकणावर बसलो. समोर पस्तीस माना खाली वाकलेल्या होत्या. प्रत्येकाच्या कानात त्याचं त्याचं गाणं होतं, हातात त्याचा त्याचा सिनेमा. “तोंड इकडे!” मी म्हणून पाहिलं. दोघांनी वर बघितलं. बस चुकीच्या रस्त्याला लागली की काय, असं त्यांना वाटलं असावं.

म्हणून यंदाची यादी घरी करायला घेतली. रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या फळीवर स्पीकर ठेवला, एका नव्या गायिकेचा अल्बम लावला आणि वही घेऊन ओट्यासमोर स्टूल टाकून बसलो. बायको पोळ्या करत होती.

“काय टक लावून बघताय? कामं नाहीत का?”

“काही नाही. तू कर तुझं. फक्त तोंड जरा इकडे.”

“वेडच लागलंय,” ती म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

पहिली तीन गाणी झाली. पोळ्या टम्म फुगून डब्यात पडत होत्या. पाचव्या गाण्याला तिचा हात उलथन्यावर तसाच राहिला. ती खिडकीकडे बघत होती, पण खिडकीबाहेर काही नव्हतं. गाणं संपलं, तेव्हा स्वयंपाकघरात धूर झाला होता. सत्तावीस वर्षांत तिची पोळी करपलेली मी पाहिली नव्हती.

“अगं बाई!” ती भानावर आली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, “धुराने.”

मी वहीत एकचा आकडा लिहिला आणि त्याला लाल चौकट केली. तिला कशाची आठवण झाली, हे मी विचारलं नाही. काकांनीही मला कधी विचारलं नव्हतं.

करपलेली पोळी मी वाढून घेतली.